लोणारचा गाळ आणि बारवेच्या पायऱ्या

मनवेलपाड्याच्या तळ्यावरून जाताना पाणी दिसतं, तळाचा गाळ दिसत नाही. गाळ म्हणजे उपसून टाकायची गोष्ट, एवढंच आपल्याला ठाऊक. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या गाळाबद्दल वाचलं आणि माझ्या डोक्यातला महाराष्ट्राचा इतिहास जरा हलला.

लोणार म्हणजे उल्का आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. ओढे आणि झरे आत पाणी आणतात, पण बाहेर वाहून जायला वाट नाही. त्यामुळे पावसाचा हिशोब तळाशी साठत जातो. पाऊस चांगला झाला की ओढ्यांबरोबर माती येते. वर्षानुवर्षं कमी पडला की पाणी आटतं, क्षार दाटतात आणि गाळात गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक तयार होतात.

२००८ साली भारतीय आणि जर्मन संशोधकांनी या तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा दांडा काढला. थरांची वयं रेडिओकार्बनने ठरवली. हाती आली जवळजवळ ११ हजार वर्षांची पावसाची वही! २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन लांबलचक कोरडे कालखंड आहेत. पहिला आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा. दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

इथेच मी थबकलो. दुसरा कालखंड म्हणजे इसवी सनाच्या आरंभापासून साधारण १४व्या शतकापर्यंत. म्हणजे सातवाहन, वाकाटक, राष्ट्रकूट, यादव... सगळे त्यातच की! अजिंठ्याची चित्रं, ८व्या शतकातलं वेरूळचं कैलास लेणं, शके १२१२ची ज्ञानेश्वरी. शाळेत ज्याला वैभवाचा काळ म्हणून शिकलो, तो लोणारच्या वहीत टंचाईचा निघाला.

मग खोटं कोण? मला वाटतं, कुणीच नाही. कोरडा कालखंड म्हणजे १४०० वर्षं सलग दुष्काळ नव्हे. सरासरी पाऊस कमी, वाईट वर्षं जास्त. गाळ पाऊस सांगतो, माणसांनी त्यावर काय केलं ते सांगत नाही. ते सांगायला बारवा आहेत. खुद्द लोणार गावात लिंबी बारव आहे. बारवेला खोलवर पायऱ्या कशासाठी? पाणी खाली जाणार हे बांधणाऱ्याला पक्कं माहीत होतं म्हणून. पाणी उतरेल तसं माणसानंही उतरायचं. आजवर मी बारव बघून म्हणायचो, काय सुबत्ता असेल! आता वाटतं, केवढी धास्ती असेल, आणि केवढी तयारी.

आमच्या वसई-विरारकडे धो धो पाऊस पडतो, तरी जुन्या लोकांनी तळी राखलीच. पावसानंतरचे आठ महिने त्यांना दिसत होते. आपल्याला नळ दिसतो.

असो. यापुढे तळ्यावरून जाताना गाळाला नुसता गाळ म्हणणं जमेलसं वाटत नाही.