क्रँकशाफ्टचं बेअरिंग कसं बसवतात? पहिल्यांदा इंजिन बांधताना चूक कुठे होते?

इंजिन खोललं, ब्लॉक बोअर करून आला, क्रँकशाफ्टही ग्राइंड झाला. आता इंजिन पुन्हा बांधायचं. हे काम पहिल्यांदाच करणाऱ्याचं लक्ष बहुधा पिस्टन आणि व्हॉल्व्हकडे असतं. पण बांधलेलं इंजिन वर्षानुवर्षं चालणार की थोड्याच दिवसांत जाम होणार, हे बऱ्याचदा क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर ठरतं.

हे बेअरिंग असतं कसं?

कार, जीप किंवा ट्रॅक्टरच्या इंजिनात क्रँकशाफ्टला सहसा बॉल बेअरिंग नसतं. शाफ्टच्या गुळगुळीत गोल भागाला जर्नल म्हणतात. त्याच्याभोवती दोन अर्धगोल शेल बसतात. ब्लॉकमध्ये असतात ती मेन बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडमध्ये असतात ती बिग एंड बेअरिंग. बहुतेक लहान दुचाकींची रचना वेगळी असते, त्यांना ही पद्धत लागू होत नाही.

इंजिन चालू असताना शाफ्ट आणि शेल एकमेकांना टेकणं अपेक्षितच नसतं. दोघांमध्ये ऑइलचा पातळ थर असतो. त्यासाठी सोडलेली जागा म्हणजे क्लिअरन्स. अनेक कारच्या इंजिनांत तो साधारण 0.03 ते 0.06 मिलिमीटर असतो. तो कमी पडला तर ऑइलचा थर टिकत नाही. जास्त झाला तर ऑइल बाजूने निसटतं, दाब उतरतो आणि इंजिन ठोकायला लागतं.

कोणते शेल घ्यायचे?

क्रँक 0.25 मिलिमीटरने ग्राइंड झाला असेल, तर शेलही 0.25 अंडरसाइजचेच लागतात. पण डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नये, जर्नल मायक्रोमीटरने मोजावा.

बसवताना काय पाहायचं?

• ब्लॉक, कॅप आणि शेलची पाठ स्वच्छ व कोरडी हवी. पाठीमागे ऑइल लावायचं नाही. तिथे एखादा कण राहिला तरी शेल आत फुगतो आणि तेवढ्या जागी क्लिअरन्स संपतो.

• ब्लॉकमधल्या शेलचं भोक ऑइलच्या वाटेवरच यायला हवं. भोक नसलेला शेल तिथे बसला, तर त्या बेअरिंगला ऑइलच मिळत नाही.

• प्रत्येक कॅप मूळ जागी आणि मूळ दिशेनेच लावावी. कॅप ब्लॉकवर बसवूनच त्यांचं बोअरिंग केलेलं असतं, म्हणून त्यांची अदलाबदल चालत नाही. खोलतानाच खुणा करून ठेवाव्यात.

• थ्रस्ट वॉशरच्या खाचा क्रँकच्या बाजूला हव्यात, ब्लॉकच्या बाजूला नाही.

क्लिअरन्स कसा तपासायचा?

त्यासाठी प्लास्टिगेज नावाचा मऊ धागा मिळतो. कोरड्या जर्नलवर त्याचा तुकडा ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळायची. या वेळी क्रँक अजिबात फिरवायचा नाही. कॅप काढल्यावर चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी ताडून पाहायचा. धागा जितका रुंद पसरला, तितका क्लिअरन्स कमी. आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलशी जुळवावा. तो जुळत नसेल तर शेल किंवा ग्राइंडिंग पुन्हा तपासावं. बेअरिंग घट्ट करण्यासाठी कॅप घासण्याची जुनी युक्ती करू नये, त्याने भोकाची गोलाईच बिघडते.

शेवटची जोडणी

धागा पूर्ण पुसून शेलच्या आतल्या बाजूला आणि जर्नलला असेंब्ली ल्युब किंवा स्वच्छ ऑइल लावावं. बोल्ट टॉर्क रेंचने टप्प्याटप्प्याने आणि मॅन्युअलमधल्या क्रमाने आवळावेत. हा क्रम बहुधा मधून बाहेर जातो. काही इंजिनांचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तिथे नवेच घ्यावेत. प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून पाहावा. तो अडकला, तर दोष नुकत्याच आवळलेल्या कॅपपाशी शोधायचा. सगळ्या कॅप लावून झाल्यावर अडकला, तर पुन्हा सगळं खोलावं लागतं.

पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी ऑइलचा दाब तयार करून घ्यावा. कोरड्या बेअरिंगवर इंजिन काही सेकंद चाललं, तरी नव्या शेलवर ओरखडे पडू शकतात.