लोखंडातील पारव्याची शेपटी

जुन्या शिसवी कपाटाचा खण ओढून त्याचा कोपरा पाहावा. दोन फळ्या बोटांत बोटे गुंतवावीत तशा एकमेकींत अडकलेल्या दिसतात. प्रत्येक दाता मुळाशी अरुंद नि टोकाशी रुंद, पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखा. या सांध्याला इंग्रजीत डव्हटेल म्हणतात. सुताराचा हा सांधा बंदूक घडविणाऱ्यांनी मात्र लोखंडात कापला!

अमेरिकेतील पेनसिल्व्हानियात अठराव्या शतकात स्थायिक झालेले जर्मन कारागीर लांब रायफलींसाठी नावाजले. लोखंडाची तापलेली पट्टी सळईभोवती वळवून, ठोकून सांधून ते नळी करीत आणि बाहेरून तिला आठ पैलू पाडीत. तोंडाशी नेमाची माशी, तिच्यामागे खाचेची पट्टी आणि खाली नळीला लाकडी दस्त्याशी जखडणारे लहान कान, हे सारे डव्हटेलनेच बसे.

प्रथम अणकुचीदार सळईने रेघा आखायच्या. करवतीने जवळजवळ उभे छेद घ्यायचे, मधले लोखंड छिन्नीने उडवायचे, कानशीने तळ सपाट करायचा. मग तिधारी कानस घ्यायची. तिच्या एका अंगाचे दाते आधीच घासून गुळगुळीत केलेले असत. ते अंग तळावर टेकले की तळ खरवडला जात नाही, आणि दुसरे अंग खाचेची भिंत आतून तिरपी कापते. खाच किंचित आवळच ठेवून माशी एका बाजूने हलक्या ठोक्यांनी आत सरकवायची. ना डाख, ना स्क्रू!

खाच सैल झाली तर नेम ढळे. फार खोल गेली तर नळीच दुबळी होई, आणि बार तर नेमबाजाच्या चेहऱ्याजवळ उडायचा. साऱ्याचा भरवसा कारागिराच्या हातावर. शिवाय या सांध्यात दुरुस्तीलाही वाव होता. गोळी डावीकडे जाऊ लागली, की मागची पट्टी उजवीकडे किंचित ठोकली म्हणजे झाले.

एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतील यंत्रे एकसारखे भाग काढू लागली, तशी ही हातविद्या मागे पडली. पण ती मेली नाही. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग या जतन केलेल्या जुन्या नगरात वॉलेस गस्लर यांनी अठराव्या शतकातील पद्धतीने अख्खी रायफल घडविली. १९६९ साली त्यावर चित्रपट निघाला. बंदुकीचा धाक कोणाला हवा आहे? जपायचे आहे ते तिच्यामागचे शहाणपण: घट्ट धरावे, पण सुधारण्यापुरते सरकू द्यावे.