पिग्मी: दोन आण्यांची कुळकथा

जालन्याच्या मोंढ्यात दुपार कलली की पिग्मीवाला फेरीला निघतो. चहाची टपरी, पानाचा ठेला, सायकलचं दुकान. प्रत्येकाकडे पन्नास, शंभर, कुणाकडे वीसच. दुकानदार गिऱ्हाईक सोडत नाही. गल्ल्यातली नोट डाव्या हाताने पुढे सरकवतो. पिग्मीवाला हातातल्या मशीनवर आकडा मारतो, चिठ्ठी फाडून देतो आणि पुढच्या दुकानाकडे वळतो. फार तर अर्ध्या मिनिटाचा व्यवहार.

हे सगळं आलं उडुपीहून. 1925 मध्ये तिथे टी. एम. ए. पै, उपेंद्र अनंत पै आणि वामन कुडवा यांनी आठ हजार रुपयांच्या भांडवलावर ‘कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट’, म्हणजे पुढची सिंडिकेट बँक, काढली. हातमागाचा धंदा बसला होता, विणकरांना आधार हवा होता. पण रोज हातावर पोट असलेला माणूस बँकेची पायरी चढणार कशाला? मग 1928 मध्ये बँकच त्याच्या दारात गेली. रोज दोन आणे, एजंट घरी येऊन नेणार. महिन्याचे झाले पावणेचार रुपये. ठेव एवढीशी, म्हणून नाव पिग्मी.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि चलन हाली सिक्क्याचं. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, अर्थात ब्रिटिश रुपये. उडुपीचे दोन आणे इथे दोन आणे चार पै पडले असते!

पुढे नागरी बँका आणि पतसंस्थांनी ही युक्ती उचलली आणि मराठी बाजारपेठांत पिग्मी घरचीच झाली. तिच्या यशाचं श्रेय लोक दुकानदाराच्या शिस्तीला देतात. मला ते पटत नाही. शिस्त एजंटाच्या पायांत असते. रोज ठरल्या वेळी माणूस समोर उभा राहिला की ‘आज नको’ म्हणायला जीभ रेटत नाही. रोजचे पन्नास म्हणजे वर्षाचे 18,250. त्यातून मुलीची फी निघते, दिवाळीचा माल भरता येतो. व्याज यथातथाच. मुदतीआधी मोडली तर बहुतेक ठिकाणी कमिशन कापून घेतात.

या पायांची किंमत मात्र उशिरा ठरली. एजंट कामगार की नुसता कमिशनवाला, हा वाद वर्षानुवर्षं चालला. अखेर 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंडिकेट बँकेच्या खटल्यात सांगितलं की हे कामगारच आहेत आणि त्यांचं कमिशन म्हणजे वेतन.

पिग्मीची हद्द मात्र मोंढ्यापाशीच संपते. अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीवाल्याच्या हाती पैसा येतो तो बहार विकल्यावर, एकदम. रोज पन्नास आणायचे कुठून? तिथे बायकांचा महिन्याचा बचत गट चालतो. दुसरी अडचण जिवावरची आहे. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला त्याचं कवच नाही. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या बुडाल्या, तेव्हा चिठ्ठ्यांचे गठ्ठे घेऊन लोक बंद शटरपुढे उभे राहिले. शिव्या पडल्या त्या एजंटाला, कारण ओळखीचा चेहरा तेवढा एकच होता.

आता गिऱ्हाईक क्यूआर कोडवर पैसे टाकतं, गल्ल्यात नोटा उरत नाहीत. शिवाय खात्यातून आपोआप पैसे वळते होणारी आरडी, म्हणजे आवर्ती ठेव, आहेच. तरी टपरीवाला म्हणतो, ‘आरडी मी दोनदा बंद केली. ह्याला कसं बंद करू?’