विनाईल डीजे क्लबमध्ये जाताना बॅगेत काय नेतो? टर्नटेबल नाही, पण सुई नक्की

'डीजे' म्हटलं की महाराष्ट्रात अनेकांच्या डोळ्यासमोर मिरवणुकीतली स्पीकरची भिंत उभी राहते. पण हा शब्द मुळात माणसासाठी आहे. डीजे म्हणजे डिस्क जॉकी. एकामागून एक रेकॉर्ड निवडून, त्या एकमेकांत मिसळून वाजवणारा माणूस.

आज क्लबमध्ये वाजवणारे बहुतेक डीजे खिशात पेनड्राइव्ह घेऊन येतात. काही जण मात्र अजूनही विनाईलच्या काळ्या तबकड्या घेऊन येतात. क्लबमध्ये टर्नटेबल असतात, मिक्सर असतो, स्पीकर तर असतातच. मग अशा डीजेने सोबत काय न्यायचं?

थोडक्यात उत्तर असं: जड सामान क्लबचं, पण रेकॉर्डला टेकणारी प्रत्येक गोष्ट स्वतःची. हे का, ते एकेक करून पाहू.

क्लबमध्ये नेमकं काय मिळतं?

क्लबच्या टेबलावर बहुतेक वेळा जपानी बनावटीचे 'टेक्निक्स एसएल-1200' जातीचे टर्नटेबल दिसतात. हे मॉडेल 1972 मध्ये आलं. 1979 मध्ये त्याची 'एमके2' ही आवृत्ती आली आणि तीच जगभरातल्या क्लबमध्ये पसरली. यात तबकडी फिरवायला रबरी पट्टा नाही, मोटर थेट तबकडीला जोडलेली असते. त्यामुळे बटण दाबताच ती क्षणात पूर्ण वेग पकडते. 2010 मध्ये कंपनीने उत्पादन थांबवलं आणि 2016 मध्ये पुन्हा सुरू केलं.

याचा अर्थ असा की क्लबमधलं यंत्र 30-40 वर्षं जुनंही असू शकतं. त्यातच 2001 मध्ये पायोनिअरचा 'सीडीजे-1000' आला आणि हळूहळू टर्नटेबल टेबलावरून स्टोअररूममध्ये गेले. अनेक ठिकाणी ते महिनोन् महिने झाकून ठेवलेले असतात.

म्हणून पहिली तयारी बॅगेची नाही, फोनची. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी क्लबला चार प्रश्न विचारायचे. टर्नटेबल किती आणि कोणतं मॉडेल? ते शेवटचे कधी वाजले? मिक्सर कोणता आणि त्याला फोनो इनपुट किती? टर्नटेबल कशावर ठेवले आहेत? शक्य असेल तर टेबलाचा आणि मिक्सरच्या मागच्या बाजूचा फोटो मागवून घ्यायचा. 'सगळं आहे, तुम्ही या फक्त' यापेक्षा एक फोटो जास्त सांगतो.

सुई स्वतःचीच का?

कोणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत असेल तर मराठीत आपण म्हणतो, याची पिन अडकली. ही पिन म्हणजे रेकॉर्डवरची सुई. विनाईल डीजेच्या बॅगेतली सर्वांत महत्त्वाची वस्तूही तीच.

सुईचं टोक हिऱ्याचं असतं. ते रेकॉर्डच्या खाचेतून घासत जातं, तिथली कंपनं कार्ट्रिजमध्ये विजेच्या सिग्नलमध्ये बदलतात आणि आवाज तयार होतो. टोक झिजलं की त्याला धार येते आणि ते खाच वाचण्याऐवजी कोरू लागतं. एकदा खराब झालेली खाच दुरुस्त होत नाही. क्लबची सुई आजवर किती तास वाजली आहे, किती वेळा आपटली आहे, हे कुणालाच माहीत नसतं. तुमच्याकडची रेकॉर्ड पुन्हा न मिळणारी असेल, तर ती अशा सुईखाली घालणं हा जुगार आहे.

म्हणून दोन टर्नटेबलसाठी दोन कार्ट्रिज आणि किमान एक सुटी सुई सोबत असावी. दोन्ही कार्ट्रिज एकाच मॉडेलचे हवेत. वेगवेगळे असतील तर एका बाजूचा आवाज मोठा आणि दुसऱ्या बाजूचा लहान येतो, आणि मिक्स करताना सारखी मारामारी होते.

डॅनिश कंपनी ऑर्टोफोनचे 'कॉनकॉर्ड' कार्ट्रिज क्लबमध्ये बरेच दिसतात. त्याला वेगळं हेडशेल लागत नाही. टोनआर्मच्या टोकाला लावून कडं फिरवलं की झालं. शूर कंपनीचे कार्ट्रिज एकेकाळी स्क्रॅच करणाऱ्यांचे लाडके होते, पण कंपनीने 2018 मध्ये हे उत्पादन बंद केलं. ज्यांच्याकडे ते आहेत, त्यांनी सुटी सुई मिळते का हे आधीच पाहून ठेवावं.

सुई लावली की वजन लावणं आलंच. टोनआर्मच्या मागचं वजन फिरवत हात हवेत आडवा तरंगेल असा करायचा, वजनावरचा आकडा शून्यावर आणायचा आणि मग कंपनीने सांगितलेलं वजन द्यायचं. डीजेच्या बऱ्याच कार्ट्रिजना 3 ते 4 ग्रॅम लागतात. सुई उडते म्हणून वर नाणं चिकटवायचा जुना जुगाड टाळलेला बरा. त्याने सुई आणि रेकॉर्ड दोन्ही लवकर झिजतात.

स्लिपमॅट आणि 45 चा अडॅप्टर

घरच्या टर्नटेबलवर रबरी मॅट असतो, तो रेकॉर्ड घट्ट धरतो. डीजेला उलटं हवं असतं. खाली तबकडी फिरत राहावी, पण वरची रेकॉर्ड हाताने थांबवता यावी. त्यासाठी फेल्टचा निसरडा स्लिपमॅट लागतो.

न्यूयॉर्कच्या 'सँक्च्युअरी' क्लबमध्ये फ्रान्सिस ग्रासो हा डीजे 1960 च्या दशकाच्या शेवटी रेकॉर्ड अशी धरून ठेवून नेमक्या ठोक्यावर सोडत असे. पुढे ब्राँक्समध्ये ग्रँडमास्टर फ्लॅशने फेल्टच्या कापडाला खळ देऊन त्याचा कडक, घसरणारा मॅट बनवला.

क्लबच्या मॅटवर सांडलेली बिअर, धूळ, चिकटपणा काहीही असू शकतं. स्वतःच्या दोन मॅटचं वजन नगण्य असतं आणि हाताला त्यांची सवय असते.

दुसरी छोटी वस्तू म्हणजे 45 चा अडॅप्टर. 1949 मध्ये अमेरिकेत आरसीए व्हिक्टरने 7 इंची रेकॉर्ड आणली, तिच्या मध्याचं भोक सुमारे दीड इंचाचं होतं. अशी रेकॉर्ड अडॅप्टरशिवाय मध्यावर बसतच नाही. क्लबमधून सर्वांत आधी हरवणारी वस्तू हीच. जुनी 7 इंची गाणी वाजवणाऱ्याने दोन अडॅप्टर बॅगेच्या एकाच कप्प्यात कायमचे ठेवून द्यावेत.

आवाज पत्र्यासारखा येतो किंवा 'हम्म' येतो, तेव्हा काय?

कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल फक्त काही मिलिव्होल्टचा असतो. शिवाय रेकॉर्ड कापतानाच तिच्यातला खर्ज मुद्दाम कमी आणि तार स्वर जास्त केलेले असतात, नाहीतर खाचा फार रुंद होतील. मिक्सरचं फोनो इनपुट हा सिग्नल वाढवतं आणि खर्जाचा तोल परत आणतं. टर्नटेबल चुकून लाइन इनपुटला जोडला तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो. उपाय साधा आहे. केबल कुठे जोडली आहे ते आणि मिक्सरवरचा फोनो-लाइन स्विच आधी पाहायचा.

आवाज फक्त एका बाजूने येत असेल, तर कार्ट्रिजच्या मागच्या चार पिना मळलेल्या असण्याची शक्यता असते. साध्या खोडरबराने त्या हलकेच पुसल्या की बऱ्याचदा काम होतं.

सतत 'हम्म' असा आवाज येत असेल तर टर्नटेबलच्या मागून निघणारी बारीक अर्थची तार पाहावी. ती मिक्सरच्या अर्थ स्क्रूला घट्ट लागलेली हवी. तुटकी असेल तर हातभर सुटी वायर आणि छोटा स्क्रूड्रायव्हर कामी येतो.

स्पीकरचा आवाजच सुईत शिरतो तेव्हा

घरी कधीच न येणारी आणि क्लबमध्ये रात्र खराब करणारी अडचण म्हणजे फीडबॅक. सबवूफरच्या दणक्याने टेबल हलतं, टेबलासोबत सुई हलते. सुईला खाच आणि टेबल यांतला फरक कळत नाही, ती दोन्ही वाचते. तो थरथराट पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो आणि चक्र वाढत जातं. शेवटी गाण्याऐवजी घुमणारा खर्ज ऐकू येतो.

जुना आणि स्वस्त उपाय फरशीचा. टर्नटेबलखाली जड दगडी फरशी आणि फरशीखाली दाट फोम किंवा रबर. जड वस्तू सहज हलत नाही आणि मऊ थर धक्का शोषतो. फरशी क्लबनेच ठेवावी, हे आधी फोनवर ठरवायचं. जाड रबराचे आठ तुकडे मात्र बॅगेत मावतात.

तपासायची पद्धतही सोपी आहे. टर्नटेबल बंद ठेवून रेकॉर्डवर सुई टेकवायची, दुसऱ्या चॅनलवर गाणं रात्री असेल तेवढ्या आवाजात लावायचं आणि सुईच्या चॅनलचा आवाज हळूहळू वाढवायचा. घुमायला लागलं तर गर्दी येण्याआधीच कळतं. खर्जाची खुंटी कमी करणं हा तात्पुरता उपाय आहे, त्यात गाण्याचाही जीव जातो.

कान आणि डोळे

हेडफोन स्वतःचा हवा आणि त्यासोबत 6.3 मिमीचा अडॅप्टरही. मिक्सरला तीच जाडी लागते आणि ही पिन नेमकी घरीच राहते. अडॅप्टर दोन ठेवावेत.

कानात घालायचे प्लग चैनीची वस्तू नाहीत. अमेरिकेतल्या 'नायोश' या संस्थेच्या निकषानुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसात 8 तास चालतो, पण 100 डेसिबलला ही मुदत 15 मिनिटांवर येते. डीजे तिथे तासन् तास उभा असतो. ऐकू येणं हाच त्याचा धंदा आहे.

छोटी टॉर्चही लागते. अंधारात रेकॉर्डवरचं लेबल आणि खाचांमधल्या रुंद पट्ट्या दिसल्या नाहीत, तर गाणं कुठे सुरू होतं ते कळत नाही. धुळीसाठी कार्बन फायबरचा ब्रश आणि सुईसाठी छोटा ब्रश. सुई नेहमी मागून पुढे पुसायची.

रेकॉर्ड किती न्यायच्या?

12 इंची रेकॉर्ड कव्हरसकट साधारण 200 ते 250 ग्रॅम भरते. 2 तासांत 20 ते 25 गाणी वाजतात. पण गर्दीचा मूड पाहून गाणं बदलायचं तर निवडीला जागा हवी, म्हणून 60 च्या आसपास रेकॉर्ड सोबत घ्याव्या लागतात. हेच वजन 12 ते 15 किलो झालं.

विमानाने जाताना खरी पंचाईत होते. भारतात देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमीच्या हातातल्या बॅगेला साधारण 7 किलोची मर्यादा असते. त्यात 25 रेकॉर्डच बसतात. म्हणून पुन्हा न मिळणाऱ्या रेकॉर्ड आणि कार्ट्रिज हातातल्या बॅगेत, बाकीच्या कडक पेटीत भरून चेक-इनला, अशी विभागणी करावी. बॅग हरवली तरी तासाभराचा सेट हातात राहतो.

मुंबई-गोव्याच्या हवेत आणखी दोन गोष्टी पाळाव्या लागतात. उन्हात उभ्या गाडीत रेकॉर्ड ठेवू नयेत, विनाईल उष्णतेने वाकतं. पावसाळ्यात कव्हरला आणि रेकॉर्डला बुरशी धरते, म्हणून बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि घरी परतल्यावर रेकॉर्ड बाहेर काढाव्यात.

एक पेनड्राइव्हही सोबत असावा. टर्नटेबल चाललेच नाहीत, तर नाचायला आलेल्यांना त्याचं कारण ऐकण्यात रस नसतो.

आधीचा डीजे वाजवत असताना सुई कशी बदलायची?

अनेकदा साउंडचेकला वेळच मिळत नाही आणि आधीच्या डीजेचं गाणं चालू असतानाच सामान लावावं लागतं. तेव्हा मोकळ्या टर्नटेबलचा चॅनल आधी पूर्ण खाली घ्यायचा आणि मगच सुई काढायची. चॅनल उघडा राहिला तर 'धप्प' असा मोठा आवाज सगळ्या क्लबमध्ये जातो आणि स्पीकरलाही धोका होतो. आधीच्याचं गाणं ज्या टर्नटेबलवर चालू आहे, त्याला गाणं संपेपर्यंत हात लावायचा नाही.

निघण्याआधीची यादी

- एकाच मॉडेलचे 2 कार्ट्रिज, 1 सुटी सुई
- 2 स्लिपमॅट, 45 चे 2 अडॅप्टर
- हेडफोन, 6.3 मिमीचे 2 अडॅप्टर, कानातले प्लग
- टॉर्च, रेकॉर्डचा ब्रश, सुईचा ब्रश, खोडरबर
- छोटा स्क्रूड्रायव्हर, सुटी वायर, चिकटपट्टी
- रबराचे 8 तुकडे, प्रत्येक टर्नटेबलला 4
- पेनड्राइव्ह
- आणि अर्थातच रेकॉर्ड

रेकॉर्ड सोडल्या तर हे सगळं एका डब्यात मावतं. तो डबा कार्यक्रमाच्या दिवशी भरू नये, कायम भरलेलाच ठेवावा. रात्री परत निघताना मात्र यादी पुन्हा एकदा वाचावी, कारण स्वतःची सुई क्लबच्याच टर्नटेबलवर विसरून येणं सर्वांत सोपं असतं.