फेलवरची धाव : एका डोंगरी खेळाची शिस्त कशी घडली

डांबरी रस्ता सोडून डोंगरातील पायवाटांवर आणि उघड्या माळांवर धावण्याचा जो प्रकार आज ‘ट्रेल रनिंग’ या नावाने जगभर रूढ झाला आहे, त्याच्या पूर्वजांपैकी ज्यांच्या नोंदी दीर्घकाळ टिकल्या आहेत असा एक खेळ म्हणजे उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील ‘फेल रनिंग’ होय. त्या भागात गावाच्या कुंपणांपलीकडील उंच, उघड्या आणि बहुतांशी सामाईक चराईच्या डोंगराला ‘फेल’ म्हणतात. या खेळाचा इतिहास पाहताना एक गोष्ट स्पष्ट होते : डोंगरावर धावणे ज्यांच्या रोजच्या कामाचा भाग होते त्यांना सुरक्षिततेचे वेगळे नियम लागत नव्हते, आणि हा खेळ त्यांच्या हातून बाहेरच्या लोकांकडे गेला तेव्हा त्यांच्या अंगवळणी पडलेले शहाणपण नियमांच्या रूपात लिहून काढावे लागले. आज नव्याने धावू पाहणाऱ्याला जे सल्ले दिले जातात त्यांतील बहुतेकांचे मूळ या स्थित्यंतरात आहे.

इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्ट हा सरोवरांचा आणि डोंगरांचा प्रदेश, आणि 978 मीटर उंचीचे स्कॅफेल पाइक हे इंग्लंडचे सर्वोच्च शिखर याच प्रदेशात आहे. उंचीच्या हिशेबात हे डोंगर सह्याद्रीहून ठेंगणे असले, तरी तेथील पाऊस, धुके आणि वारा यांचा मारा कठोर असतो. येथील हर्डविक जातीच्या मेंढ्या कुंपण नसलेल्या डोंगरावर मोकळ्या चरतात आणि आपल्या ठरावीक कुरणाची ओळख आईकडून पिल्लाला मिळत जाते. लोकर कातरण्यापूर्वी किंवा हिवाळ्यापूर्वी हे कळप खाली आणायचे, तर मेंढपाळाला कुत्र्यांसह कडे, ओढे आणि घसाऱ्याचे उतार भरभर पार करावे लागत. धुक्यात ओढा कोणत्या दिशेला उतरतो, ओल्या गवतावर पाय कसा टाकायचा आणि कोणत्या वाऱ्यानंतर पाऊस येतो, हे ज्ञान त्याला या कामातूनच मिळत असे.

डोंगरी शर्यतीची सर्वांत जुनी कथा मात्र स्कॉटलंडमधील ब्रेमार येथील आहे. अकराव्या शतकात राजा तिसरा माल्कम याने वेगवान निरोप्या निवडण्यासाठी तेथील एका टेकडीवर शर्यत लावली, असे परंपरा सांगते. नोंदींचा भक्कम आधार मिळतो तो एकोणिसाव्या शतकापासून. लेक डिस्ट्रिक्टमधील ग्रासमिअर या गावच्या वार्षिक क्रीडामेळ्यात 1868 पासून ‘गाइड्स रेस’ होऊ लागली. पर्यटकांना डोंगर दाखवून उपजीविका करणारे वाटाडे तीत धावत, आणि गावाजवळच्या कड्यावर चढून त्याच उताराने खाली उतरण्याची ही छोटी पण अत्यंत तीव्र शर्यत रोख बक्षिसांची होती. 1880 मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशनने हौशी खेळाडूच्या व्याख्येतून पैसे घेणाऱ्याला वगळल्यामुळे डोंगरी धावकांमध्ये ‘व्यावसायिक’ आणि ‘हौशी’ अशी फूट पडली, जी जवळपास शतकभर टिकली. या काळातील धावक किती तरबेज होते हे यॉर्कशरमधील बर्न्सॉलच्या शर्यतीवरून दिसते, कारण अर्नेस्ट डॅल्झेल याने 1910 मध्ये तेथे नोंदवलेला विक्रम 1977 पर्यंत, म्हणजे 67 वर्षे, अबाधित राहिला.

स्कॉटलंडमध्ये 1,345 मीटर उंचीच्या बेन नेव्हिस या ब्रिटनच्या सर्वोच्च शिखरावर 1883 मध्ये हवामान वेधशाळा सुरू झाली आणि तिच्या सोयीसाठी माथ्यापर्यंत तट्टांची वाट बांधण्यात आली. या वाटेमुळे वेळ मोजून धावणे शक्य झाले. 1895 मध्ये फोर्ट विल्यम गावातील विल्यम स्वॉन या रहिवाशाने गावापासून माथा गाठून परत येण्यास 2 तास 41 मिनिटे घेतली आणि बेन नेव्हिसच्या शर्यतीची परंपरा तेथून सुरू झाली. स्त्रियांना या शर्यतींमध्ये अधिकृत स्थान मिळण्यास फार काळ लागला. 1955 मध्ये कॅथलीन कॉनॉची ही 16 वर्षांची मुलगी हे शिखर तीन तासांच्या थोड्याच अधिक वेळात धावून आली, तरीही महिलांसाठी दार उघडण्यास आणखी बरीच वर्षे जावी लागली.

शर्यतीपेक्षा वेगळी, स्वतःशीच स्पर्धा करण्याची परंपरा ज्याच्या नावाने ओळखली जाते तो बॉब ग्रॅहम केझिक या गावात अतिथिगृह चालवीत असे. 1932 च्या जूनमध्ये त्याने गावच्या मूट हॉल या इमारतीपासून निघून 42 शिखरे पार करीत 23 तास 39 मिनिटांत पुन्हा तेथेच पाऊल ठेवले. ही फेरी सुमारे 106 किलोमीटरची असून तिच्यातील एकूण चढाई 8,000 मीटरहून अधिक भरते. त्याच्या पायांत टेनिसचे साधे बूट होते, आणि खाण्यासाठी पाव-लोणी, अंडी व फळे असा घरगुती शिधा होता. यशाचे कारण त्याच्या तयारीत सापडते. त्याने आधी हे डोंगर पायी फिरून वाटा मनात पक्क्या केल्या होत्या, आदल्या वर्षीच्या अयशस्वी प्रयत्नातून धडा घेतला होता आणि वेगवेगळ्या टप्प्यांवर त्या भागाची माहिती असलेले सोबती बरोबर घेतले होते. ही फेरी 24 तासांत पुन्हा पूर्ण होण्यास 1960 साल उजाडावे लागले, तेव्हा अ‍ॅलन हीटनने ती केली. 1971 मध्ये स्थापन झालेल्या बॉब ग्रॅहम क्लबने प्रत्येक शिखरावर साक्षीदार असलाच पाहिजे असा नियम ठेवला. त्याचा हेतू नोंदीची खातरजमा करण्याचा असला, तरी धावक डोंगरात एकटा पडू नये ही व्यवस्थाही त्यातून आपोआप झाली. 1977 मध्ये जीन डॉझ ही फेरी पूर्ण करणारी पहिली महिला ठरली.

दरम्यान खेळाची दुसरी बाजूही समोर आली होती. 1957 च्या बेन नेव्हिस शर्यतीत एक तरुण धावक थंडी-वाऱ्याने दगावला. मार्च 1964 मध्ये डर्बीशरच्या माळरानावरील ‘फोर इन्स’ या 45 मैलांच्या चालण्याच्या स्पर्धेत पाऊस आणि वाऱ्यात सापडून तीन तरुण रोव्हर स्काउट मृत्युमुखी पडले. या घटनेचा अभ्यास ग्रिफिथ प्यू या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने केला, जो 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेत सहभागी होता. त्याच्या निष्कर्षांचा गाभा असा की, कपडे भिजले आणि त्यावर वारा लागला की त्यांची ऊब राखण्याची शक्ती फार मोठ्या प्रमाणात नाहीशी होते. जोवर माणूस जोराने हालचाल करतो तोवर स्नायूंची उष्णता ही तूट भरून काढते, परंतु तो थकून मंदावला की उष्णता घटते, शरीराचे तापमान उतरते, स्नायू आणखी दुबळे होतात आणि विचारशक्तीही ढळते. या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात, आणि तिच्यासाठी गोठणबिंदूची थंडी आवश्यक नसते.

1970 मध्ये स्थापन झालेल्या फेल रनर्स असोसिएशनच्या नियमांमागे हाच अनुभव आहे. लांब आणि अवघड शर्यतींत सर्वांगाला झाकणारा जलरोधक पोशाख, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि आणीबाणीचे खाणे सोबत असणे बंधनकारक करण्यात आले. शर्यतींची वर्गवारीही चढाईच्या प्रमाणात केली गेली, ज्यायोगे नवख्याला आपण काय स्वीकारतो आहोत हे अंतराच्या आकड्यापलीकडे जाऊन कळू लागले. 1968 मध्ये सुरू झालेल्या ‘कॅरिमोर इंटरनॅशनल माउंटन मॅरेथॉन’ या स्पर्धेने याहून पुढे जाऊन दोघांच्या जोडीने तंबू आणि अन्न स्वतः वाहत दोन दिवस मार्ग शोधण्याची अट घातली. याच स्पर्धेच्या 2008 मधील आवृत्तीत लेक डिस्ट्रिक्टमध्ये पूर आला, स्पर्धा थांबवावी लागली आणि शेकडो जण बेपत्ता असल्याच्या बातम्या पसरल्या. परंतु स्पर्धकांनी सोबतच्या सामग्रीवर निभावून नेले आणि सर्वजण जिवंत परतले.

या धावेचे लाभही त्याच खडबडीत भूमीतून येतात. असमान जमिनीवर प्रत्येक पाऊल वेगळे पडत असल्याने घोट्याचे आणि नडगीचे छोटे स्नायू व तोल राखणाऱ्या यंत्रणा सतत कार्यरत राहतात, आणि एकाच ठिकाणी तोच आघात पुन्हा पुन्हा होत नाही. चढावर कमी वेगातही हृदय आणि फुप्फुसांना पुरेसा व्यायाम मिळतो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून पहिल्या वेळी पाय फार दुखतात. तथापि उताराचा थोडाथोडा सराव केल्यास तेच स्नायू पुढच्या खेपेस बरेच संरक्षित राहतात. वासडेलचा मेंढपाळ जॉस नेलर (1936–2024) हा या क्षमतेचे ठळक उदाहरण आहे. लहानपणी पाठीला गंभीर दुखापत होऊनही त्याने 1975 मध्ये 24 तासांच्या आत 72 शिखरे पार केली, आणि त्याची तयारी मुख्यतः मेंढ्यांमागच्या रोजच्या कष्टांतून झाली होती.

पुण्याच्या गिर्यारोहकांना सिंहगड-राजगड-तोरणा ही वाट ‘एसआरटी’ या नावाने परिचित आहे, आणि आता सह्याद्रीच्या अशा वाटांवर धावणाऱ्यांची संख्या वाढते आहे. त्यांना या इतिहासातून घेता येईल असा धडा कपड्यांच्या यादीपुरता नाही, कारण येथील संकटे वेगळी आहेत. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ, अचानक फुगणारे ओढे आणि पठारावरचे दाट धुके, तर उन्हाळ्यात तापलेले खडक, आटलेली टाकी आणि उष्माघात. धुक्यात ढोरवाटेला मळलेली वाट समजून चकवा लागणे येथे सहज घडते. म्हणून नवख्याने गावाजवळची एकच टेकडी निवडून ती आधी निरनिराळ्या ऋतूंत चालावी, मग सपाट आणि मध्यम चढाच्या भागांत धावावे, कडक चढ चालतच चढावा, आणि उतारावर पावले आखूड ठेवून नजर काही पावले पुढे ठेवावी. पकड असलेले बूट, पुरेसे पाणी, शिट्टी, विजेरी आणि पावसाळ्यात वारा अडवणारा अंगरखा सोबत असावा. धावण्याचा मार्ग आणि परतण्याची वेळ घरी सांगितलेली असावी, आणि पहिले काही महिने जाणत्या सोबत्याशिवाय जाऊ नये. हवा बिघडली तर मागे फिरणे हा या खेळातील कौशल्याचाच भाग आहे. मेंढपाळांना हे शिकण्यासाठी आयुष्य मिळाले होते. नव्या धावकाला तो काळ उपलब्ध नसल्यामुळे नियमांनी त्याची उणीव भरून काढायची असते, आणि डोंगराची ओळख जसजशी पक्की होईल तसतसे अंतर व वेग वाढवणे हाच या दीर्घ परंपरेने तपासून दिलेला क्रम आहे.