सप्तव्यसनांत जुगार पहिला का?



पाठशाळेत सप्तव्यसने पाठ करताना आपण सर्वांनी हाच क्रम म्हटला आहे: जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी आणि परस्त्रीगमन. शिकारीत जीव जातो. चोरीत दुसऱ्याचे धन त्याच्या मर्जीविरुद्ध जाते. जुगारात मात्र दोघेही राजीखुशीने बसतात. मग त्याला पहिले स्थान कशासाठी? हिंसा, असत्य, चोरी, अब्रह्म आणि परिग्रह या पाच पापांत तर जुगाराचे नावही नाही. दिवाळीत "शकुनाचे चार डाव" मांडणारे नेमके हेच विचारतात, की आमच्याच पैशाने, आमच्याच घरात खेळलो तर पाप कसले?

दिवाळीचा उल्लेख सहज केलेला नाही. वैदिक परंपरेत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. शंकर-पार्वती त्या दिवशी फासे खेळले, अशी कथा सांगतात आणि त्या दिवशीच्या हारजितीवरून वर्ष कसे जाईल ते पाहतात. आपल्याकडे आदल्या अमावास्येच्या पहाटे भगवान महावीरांना निर्वाण लाडू चढवतात आणि त्याच प्रतिपदेला वीर निर्वाण संवत सुरू होते. एकच तिथी, पण एका घरात फासे आणि दुसऱ्या घरात निर्वाणाचे स्मरण.

म्हणून इतरांनी जुगाराला सरसकट चांगले म्हटले, असे समजण्याचे कारण नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक अक्षसूक्त आहे. त्या काळी बेहड्याची फळे फासे म्हणून वापरत. त्या सूक्तातला जुगारी स्वतःच आपली दैना सांगतो: बायको दुरावली, सासू तिरस्कार करते, कोणी कर्ज देत नाही, तरी फाशांचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात. शेवटी त्याला उपदेश मिळतो, की फासे सोड आणि शेती कर. तीन हजार वर्षांपूर्वीचे हे घर आजच्या एखाद्या घरासारखे वाटते.

पुढे धर्मशास्त्र आणि राजनीती यांच्या वाटा वेगळ्या झालेल्या दिसतात. मनुस्मृती राजाला जुगार राज्यातून हद्दपार करायला सांगते. कौटिल्य मात्र हिशेबी. त्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एका ठरावीक जागी, सरकारी फाशांनी, देखरेखीखाली चालवायचा आणि जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच सरकारजमा करायचे. लोक खेळणारच, तर निदान लबाडी पकडली जाईल आणि तिजोरीत भर पडेल, हा त्यामागचा विचार. सरकारांना हा मोह तेव्हापासूनच आहे.

आपल्या आचार्यांनी आणि पंडितांनी या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. त्यांचा प्रश्न राज्याचा नव्हता, श्रावकाच्या मनाचा होता. तेराव्या शतकात पंडित आशाधर होऊन गेले. ते बघेरवाल ज्ञातीचे गृहस्थ. हा समाज आपल्याकडे विदर्भात, कारंजा-नागपूरकडेही आहे. परचक्रामुळे त्यांचे कुटुंब मेवाडकडचा प्रदेश सोडून माळव्यात धारानगरीला आले. त्यांचा सागारधर्मामृत हा ग्रंथ खास गृहस्थांसाठी आहे. त्यात त्यांनी आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर दिले आहे. ज्याने जुगार सोडला आहे त्याने निव्वळ करमणुकीसाठी होड लावली, तरी तो दोषच. कारण जिंकलो की हर्ष उसळतो, हरलो की चडफड होते. हे दोन्ही कषाय, आणि कर्मबंध कषायाने होतो. पैसा आला की गेला, हा मुद्दा नंतरचा.

मला हे उत्तर फार मोलाचे वाटते. आपण पोरांना "पैसे बुडतील" म्हणून जुगारापासून दूर राहायला सांगतो. मग पैसे बुडाले नाहीत, उलट आले, तर आपल्याकडे बोलायला काही उरत नाही. आशाधरांच्या हिशेबात जिंकणाराही तोट्यातच आहे. जुगार पहिला का, याचाही उलगडा इथे होतो. इतर व्यसनांना बाहेरची एखादी वस्तू लागते, जुगाराला मनातला लोभ पुरतो. एकदा तो चटावला की हरलेले भरून काढायला खोटे येते, मग चोरी येते, आणि दुःख विसरायला मद्य येते. बाकीच्या दारांची किल्ली याच्याकडे आहे.

बाराव्या शतकात गुजरातेत हा विचार राजवाड्यातही पोहोचला. अणहिलवाड पाटणचा राजा कुमारपाल (1143 ते 1172) आचार्य हेमचंद्रांच्या उपदेशाने श्रावकव्रताकडे वळला. त्यावर लगेच पुढच्या राजाच्या काळात यशःपाल या कवीने मोहराजपराजय नावाचे संस्कृत नाटक लिहिले. त्यात विवेकचंद्राची कन्या कृपासुंदरी, म्हणजे साक्षात दया, कुमारपालाशी लग्न करायला तयार होते, पण अटी घालून. राज्यातून व्यसने हद्दपार करायची आणि निपुत्रिक मेलेल्याची मालमत्ता सरकारजमा करायची नाही. व्यसने दरबारात आपली बाजू मांडतात: तुमच्या पूर्वजांनी आम्हाला राहू दिले, शिवाय आमच्यामुळे तिजोरीत पैसा येतो. राजा ऐकत नाही. कौटिल्याचे शेकडा पाच इथे नाकारले जातात. त्या दोन अटी शेजारी ठेवून पाहा. एका अटीने नवऱ्याच्या जुगारात उद्ध्वस्त होणारी बाई वाचते, दुसरीने विधवेचे घर वाचते.

आता आपल्या समाजासाठी अवघड प्रश्न. आपण व्यापारी. व्यापारात जोखीम असतेच, मग व्यापार आणि जुगार यांतली रेषा कुठे? सागारधर्मामृतात श्रावकाच्या गुणांची सुरुवातच न्यायाने मिळवलेल्या धनापासून होते. म्हणजे धन वर्ज्य नाही, मार्ग पाहायचा आहे. बी. कॉम.ला आम्हाला 1872चा करार कायदा होता. त्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार निरर्थक आहे, त्याची वसुली कोर्टातून होत नाही. वायद्याच्या व्यवहारात कोर्टे हेच पाहत, की माल देण्याघेण्याचा हेतू होता का, की दोन्ही बाजूंना फक्त भावातला फरक चुकता करायचा होता. फक्त फरकच असेल तर ती पैज. पुढे 1959 साली सर्वोच्च न्यायालयाने घेरूलाल पारख खटल्यात सांगितले, की असा करार निरर्थक असला तरी तेवढ्याने बेकायदा ठरत नाही. कायदा इथे थांबतो. धर्माला पुढे जावे लागते.

मुंबईने ही रेषा पुसली गेलेली पाहिली आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला, आपल्या कापसाचे भाव चढले आणि आलेला पैसा शेअरांत, बॅक बेच्या भरावाच्या कंपनीत धावला. 1865 साली युद्ध संपले आणि सारे कोसळले. सुरतेहून आलेले जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांची दानत आजही राजाबाई टॉवरच्या रूपाने उभी आहे, पण त्या तेजीचे नायकही तेच होते आणि मंदीत त्यांचेही मोठे नुकसान झाले. दान देणारा हात आणि सट्टा खेळणारा हात एकाच माणसाचे असू शकतात, हे आपण विसरू नये.

आज फासे मोबाइलमध्ये आहेत. 2025च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, हे चांगले झाले. पण वायदेबाजार उघडाच आहे. सेबीच्या 2024च्या पाहणीत तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या 100पैकी 93 व्यक्तींना तोटा झालेला दिसला. शेतकऱ्याचा माल किंवा कारखानदाराची जोखीम सांभाळायला वायदा वेगळा. ऑफिसात बसून तासाभराच्या चढउतारावर बोली लावणे वेगळे. घरात कोणी असे करत असेल तर "किती कमावलेस?" असे विचारण्याआधी "रात्री झोप लागते का?" असे विचारावे. आशाधरांची कसोटी तीच आहे.

आणि ज्याच्या हातून हे घडले, त्याला कायमचा पापी ठरवू नका. आपल्या ग्रंथांत जुगाराने झालेल्या नाशाचे उदाहरण म्हणून नेहमी युधिष्ठिर येतो. राज्य, भाऊ, पत्नी, सारे त्याने डावावर लावले. पण निर्वाणकांडात शत्रुंजयावरून मोक्षाला गेलेल्या तीन पांडवांना आपण वंदन करतो, त्यांत हाच युधिष्ठिर आहे. व्यसनाचा दाखला आणि सिद्धपदाचा दाखला, एकच जीव. मध्ये फक्त सोडणे आहे.