माल्बेक : एका उपटलेल्या वेलीचा इतिहास

वाईनचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा थेट दारूबंदीवर जाते. आज जरा शेतकऱ्याच्या बाजूने बघू.

माल्बेक नावाचं काळं द्राक्ष मूळ नैऋत्य फ्रान्सचं. लॉट नदीकाठच्या काओर भागात त्याची वाईन इतकी गडद व्हायची की तिला ‘काळी वाईन’च म्हणत. तुरट, रांगडी, काही वर्षं ठेवल्याशिवाय मऊ न होणारी. शेजारच्या बोर्दोत मात्र माल्बेक इतर द्राक्षांत मिसळायला वापरत. फेब्रुवारी १९५६ च्या कडाक्याच्या थंडीत दोन्हीकडच्या वेली मेल्या. बोर्दोवाल्यांनी ती जागा बहुतेक मर्लो-कॅबर्नेला दिली. काओरवाल्यांनी पुन्हा माल्बेकच लावली. १९७१ मध्ये काओरला सरकारी मानांकन मिळालं. त्या नावाच्या वाईनमध्ये किमान ७० टक्के माल्बेक लागते.

पण या वेलीच्या काड्या शंभर वर्षं आधीच समुद्रापार गेल्या होत्या. अर्जेंटिनाच्या मेंडोझा प्रांतात १८५३ साली सरकारी कृषिशाळा निघाली. कल्पना सार्मिएन्तो यांची, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. फ्रेंच तज्ज्ञ मिशेल पुजे यांनी काड्या आणल्या. मुळं खाणारी फायलॉक्सेरा कीड फ्रान्समध्ये दिसायच्या आधीची ही गोष्ट. फ्रान्सला नंतर अमेरिकन खुंटावर कलमं करावी लागली (खुंटाचं महत्त्व नाशिक-सांगलीवाल्यांना मी काय सांगणार!). मेंडोझात मात्र कित्येक बागा आजही स्वतःच्या मुळावर उभ्या आहेत.

तिथे पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर. अँडीजचा बर्फ वितळतो, ते पाणी पाटांनी बागेत येतं. कोरडी हवा, भरपूर ऊन. त्यामुळे तीच माल्बेक इथे मऊ, पिकल्या आलुबुखारसारखी लागते. ऊको खोऱ्यात हजार-दीड हजार मीटरवर थंड रात्रींमुळे तिच्यात ताजा आंबटपणा टिकतो. साल्टा प्रांतात तर बागा त्याहूनही उंच आहेत.

आता मुद्द्याचं. १९७० च्या आसपास अर्जेंटिनात माणशी वर्षाला सुमारे ९० लिटर वाईन खपत होती. मग खप घसरला, माल तुंबला, भाव पडले. ऐंशीच्या दशकात वेली उपटण्याच्या योजना आल्या. एकेकाळी ५० हजार हेक्टरच्या आसपास असलेली माल्बेक नव्वदच्या दशकात १० हजारांवर आली. जास्त टनेज देणाऱ्या साध्या वाणांपुढे ही कमी उत्पन्नाची वेल कुणाला परवडणार? तेव्हा तो हिशोब चुकीचा वाटलाही नसेल.

आणि त्याच दशकात निकोलास कातेना यांच्यासारख्या उत्पादकांनी उरलेल्या जुन्या बागांतून काड्या निवडून उंचावर नव्याने लागवड केली. परदेशात बाजार मिळाला. आज अर्जेंटिनात माल्बेक ४० हजार हेक्टरच्या वर आहे, जगात सर्वात जास्त.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे २००८ च्या मंदीनंतरचा आपला नाशिक जिल्हा. कंपन्यांनी उचल थांबवली आणि वाईन द्राक्षाच्या बागांवर कुऱ्हाड चालली. त्या बातम्या मी केल्यात. एकरामागे मांडवाचा खर्च, बँकेचा हप्ता आणि माल घ्यायला कुणी नाही. शेतकऱ्याने दुसरं करायचं तरी काय? खायच्या द्राक्षाकडे तो परत गेला. फरक एवढाच की मेंडोझात दीडशे वर्षांच्या लागवडीतलं थोडंफार मागे उरलं होतं. आपल्याकडे वेली दहा वर्षांच्याही नव्हत्या.

त्या काळात लावलेली बाग दिंडोरी-निफाडकडे कुणाची अजून उभी असेल तर कमेंटमध्ये जरूर कळवा. वाण कोणता, खुंट कोणता आणि माल कुठे जातो, तेही लिहा.